शब्द गाळून वाजलेली गाणी

इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींची कसून झाडाझडती घेतली. बखर रसाळ असते. पण ती घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असते, सालवारीत घोळ असतो आणि सांगणाऱ्याला आपला माणूस मोठा दाखवायचा असतो. म्हणून समकालीन कागद आधी पाहायचा आणि बखरीला त्याच्या शेजारी बसवायचे. गोव्याच्या किनाऱ्यावर १९८०नंतर रात्र-रात्र जे संगीत वाजले, त्याच्या इतिहासाला ही शिस्त अजून पुरेशी लागलेली नाही. त्या रात्रींच्या बखरी उदंड आहेत. क्लेओ ओड्झरचे ‘गोवा फ्रीक्स’ १९९५ सालचे, ‘लास्ट हिप्पी स्टँडिंग’ हा माहितीपट २००१चा, आणि जुन्या डीजेंच्या मुलाखती तर किती तरी. बहुतेक आठवणी नंतर सांगितलेल्या. अस्सल कागद म्हणावा असा ऐवज थोडा आहे आणि तो गोव्यात तयार झालेला नाही. मँचेस्टर, लंडन, फ्रँकफर्ट इथे छापलेल्या तबकड्या, त्यांची वेष्टने, त्यांवरचे क्रमांक आणि रीमिक्स कोणी केला त्याची बारीक अक्षरातली नोंद, हीच आपली पत्रे आणि याद्या.

बखर काय सांगते ते आधी मांडतो. साधारण १९८३पर्यंत हणजुण्याच्या किनाऱ्यावर रॉक आणि रेगे वाजत असे, बँडही वाजवत. त्या सुमारास लोराँ आणि फ्रेड डिस्को या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघा फ्रेंच डीजेंना त्याचा कंटाळा आला आणि त्यांनी रात्रभर यंत्रांवरचे संगीत लावायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाहून १९७० साली आलेला आणि ‘गोवा गिल’ म्हणून प्रसिद्ध झालेला गिल्बर्ट लेव्ही लवकरच त्याच वाटेने गेला. वाजत काय होते, तर युरोपातल्या न्यू वेव्ह आणि त्याच्या आसपासच्या बँडांची गाणी. न्यू ऑर्डर, कॅबरे व्होल्तेर, फ्रंट २४२ ही नावे आठवणींमध्ये पुन्हा पुन्हा येतात. मात्र गाणी जशीच्या तशी वाजत नव्हती. शब्द गाळलेले असत. गाणाऱ्याचा आवाज आला की पहाटेची तंद्री मोडते, म्हणून नुसता ताल आणि सिंथेसायझर एवढेच ठेवून तुकडे जोडले जात.

न्यू वेव्ह म्हणजे १९७०च्या दशकाच्या अखेरीस पंक रॉकच्या पाठोपाठ आलेली लाट. गिटार बाजूला सारून ब्रिटनमधली तरुण मुले स्वस्त झालेल्या सिंथेसायझरकडे आणि ताल वाजवणाऱ्या यंत्रांकडे वळली. तिच्यातली एकच तबकडी जवळून पाहू, कारण बखरीतल्या दाव्याची कसोटी तिच्यावर चांगली लागते.

न्यू ऑर्डरचे ‘ब्लू मंडे’ ७ मार्च १९८३ला मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने बारा इंची तबकडीवर काढले. क्रमांक फॅक ७३. पीटर सॅव्हिल यांनी केलेले वेष्टन त्या काळच्या संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखे आहे. कागद मधून कापलेला, भोकांतून आतले चंदेरी पाकीट दिसते. पुढच्या बाजूला ना बँडचे नाव, ना गाण्याचे. उजव्या कडेला रंगांचे छोटे चौकोन एकाखाली एक. तीच अक्षरे. हे रंग कसे वाचायचे त्याची किल्ली त्याच वर्षीच्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या अल्बमच्या मागच्या बाजूला चकतीच्या रूपात छापली होती. हे वेष्टन इतके महाग पडले की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला, अशी गोष्ट कंपनीशी संबंधित माणसांनीच पुढे अनेकदा सांगितली. ती मी बखरीच्या खात्यात ठेवतो. हिशेबाची वही समोर असल्याशिवाय असा दावा पक्का धरू नये.

वेष्टनापेक्षा गाण्याची बांधणी आपल्या कामाची आहे. लांबी जवळजवळ साडेसात मिनिटे. सुरुवात ओबरहाइम डीएमएक्स या तालयंत्राच्या ठोक्यांनी. मग एकेक थर चढत जातो आणि माणसाचा आवाज येतो तो दोन मिनिटे उलटल्यावर. अखेरीसही शब्द संपल्यानंतर वाद्ये बराच वेळ चालू राहतात. म्हणजे शब्द गाळायची निम्मी मेहनत मूळ गाणाऱ्यांनीच वाचवली होती. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना पहिला आणि शेवटचा भाग घेतला, मधले थोडे गाळले की हणजुण्याच्या वाळूवर चालेल असे पाच-सहा मिनिटांचे संगीत तयार. ‘आम्ही शब्द कापायचो’ असे जुने डीजे सांगतात ते म्हणूनच खरे मानायला हरकत नाही. साक्ष तबकडी स्वतः देते.

याच तबकडीची दुसरी बाजू मात्र घाईने निष्कर्ष काढणाऱ्याला फसवू शकते. तिथे याच गाण्याचे जवळपास बिनशब्दांचे रूप आहे आणि त्याचे नाव आहे ‘द बीच’. १९८८ साली रीमिक्स आला, त्याच्या दुसऱ्या बाजूचे नाव ‘बीच बगी’. समुद्रकिनारा, बिनशब्दांचे संगीत आणि साल नेमके १९८३. एवढा ऐवज पाहून कोणालाही गोव्याचा धागा जोडायचा मोह होईल. तो जोडू नये. मँचेस्टरच्या त्या चौघांच्या मनात कोकणपट्टी होती असे त्या तबकडीवर काहीही सुचवत नाही. त्या काळी बारा इंची तबकडीच्या मागच्या बाजूला बिनशब्दांचे रूप देणे हा सर्रास रिवाज होता. रिवाज ध्यानात घेतला की योगायोग हा योगायोगच राहतो.

त्या रिवाजाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे ‘रीमिक्स’ म्हटले की डोळ्यांपुढे २००२ सालचे ‘कांटा लगा’ येते. १९७२च्या चित्रपटातले गाणे दुसऱ्याच गायिकेकडून गाऊन घ्यायचे, त्यावर ठोका चढवायचा आणि मूळ गाण्याच्या चाहत्यांचा रोष ओढवून घ्यायचा. ब्रिटनमधला रीमिक्स बहुतेक वेळा मूळ ध्वनिफितीतूनच व्हायचा. गायक तोच, वादक तेच, फक्त डिस्कोथेकसाठी लांबवलेले. पुष्कळदा बँड स्वतः या कामात असे. त्यामुळे जुन्या गाण्याचा रीमिक्स हा तिथे मूळ गाण्याच्या चरित्राचाच एक अध्याय मानला गेला आणि संग्राहक तो जपून ठेवू लागले.

सीडी सिंगलने या जपण्याला नवे वळण दिले. ‘ब्लू मंडे १९८८’चा रीमिक्स क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांचा. तो तबकडीबरोबर सीडीवरही निघाला. १९९१ साली डेपेश मोडच्या जुन्या सिंगल्सचे तीन संच आले. प्रत्येक खोक्यात सहा सीडी, आणि बारा इंची तबकड्यांवरचे लांब रीमिक्स त्यांत उतरवलेले. जी रूपे मिळवायला जुन्या बाजारात हिंडावे लागे ती एका खोक्यात आली. पाठोपाठ जुन्या न्यू वेव्ह गाण्यांना नवे ठोके देऊन सीडी सिंगल काढायची रीत पडली. गॅरी न्यूमनचे १९७९चे ‘कार्स’ आणि व्हिसेजचे १९८०चे ‘फेड टू ग्रे’ दोन्ही १९९३ साली नव्या रूपात आली. ह्यूमन लीगचे १९८१चे ‘डोंट यू वाँट मी’ १९९५ साली आले. एकाच गाण्याच्या सीडी १ आणि सीडी २ अशा दोन वेगवेगळ्या सीडी काढायच्या, दोन्हींवर रीमिक्स वेगळे ठेवायचे, म्हणजे चाहत्याला दोन्ही घ्याव्या लागत. कंपन्यांचा हेतू विक्रीचा होता यात शंका नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांनी नकळत मोठे काम केले. कोणत्या साली, कोणत्या शहरातल्या कोणी, जुन्या गाण्याला नाचण्यासाठी कसे बदलले, याची छापील नोंद त्यामुळे राहिली.

‘ब्लू मंडे’चीच गोष्ट पुढे नेतो. फॅक्टरी रेकॉर्ड्सचे दिवाळे नोव्हेंबर १९९२मध्ये वाजले. १९९५ साली लंडन रेकॉर्ड्सने ‘ब्लू मंडे-९५’ काढले आणि रीमिक्ससाठी बोलावले ते हार्डफ्लोअर या जर्मन जोडीला. ही जोडी ओळखली जाते ती रोलँड टीबी-३०३ या छोट्या जपानी यंत्राच्या चिरकत, वळवळत जाणाऱ्या आवाजासाठी. गोवा ट्रान्स म्हणून पुढे जगभर गाजलेल्या संगीताचा हाच तर ओळखीचा आवाज. या यंत्राचे उत्पादन १९८४ सालीच बंद झाले होते. म्हणजे गाणे आणि यंत्र एकाच काळातली, दोघांची गाठ पडायला १९९५ उजाडले. मधल्या बारा वर्षांत जे घडले त्यातला एक मोठा भाग गोव्याच्या वाळूवर घडला होता.

हे विधान नुसत्या आठवणींवर टाकत नाही, त्याला नावांचा आधार आहे. किलिंग जोक हा लंडनचा पंकोत्तर बँड, त्याचा पहिला अल्बम १९८०चा. त्यात बास गिटार वाजवणारा मार्टिन ग्लोव्हर ‘यूथ’ या नावाने वावरतो. हाच यूथ पुढे गोव्याला आला, तिथल्या रात्री त्याने ऐकल्या आणि परतल्यावर ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स ही कंपनी उभी केली. १९९३ सालचा तिचा ‘प्रोजेक्ट टू ट्रान्स’ हा संग्रह या संगीताच्या पहिल्या संग्रहांमध्ये गणला जातो. दुसरा माणूस बेन वॉटकिन्स. १९८०च्या दशकात त्याची फ्लॉवरपॉट मेन ही जोडी न्यू वेव्हच वाजवत होती. त्यांचे ‘बीट सिटी’ १९८६च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या अमेरिकी चित्रपटात आहे. यूथ आणि वॉटकिन्स यांनी त्याच दशकात ‘द एम्प्टी क्वार्टर’ नावाचे वाद्यसंगीत एकत्र केले. वॉटकिन्सचा पुढचा अवतार म्हणजे जूनो रिॲक्टर. १९९४ साली यूथ किलिंग जोकमध्ये परतलेला असताना त्या बँडचे ‘मिलेनियम’ सिंगल म्हणून निघाले, तेव्हा त्याचा एक रीमिक्स जूनो रिॲक्टरने केला. जुना न्यू वेव्हवाला गोव्याहून काय घेऊन आला आणि ते आपल्या जुन्या घरात कसे ओतले, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरा सापडत नाही. बखरीत ‘आमच्यामुळे सगळे बदलले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथे तोच माणूस, तेच घराणे आणि साल, तिन्ही छापील आहेत.

पक्की तारीख असलेले आणखी एक साधन आहे. १८ डिसेंबर १९९४ला बीबीसी रेडिओ वनच्या ‘एसेन्शियल मिक्स’मध्ये पॉल ओकनफोल्ड या डीजेने दोन तासांचा कार्यक्रम वाजवला. तो ‘गोवा मिक्स’ म्हणून ओळखला जातो. त्यात ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचे व्हँगेलिसचे संगीत ट्रान्सच्या गाण्यांमध्ये मिसळले आहे. गोव्यात काय वाजत होते याचा हा थेट पुरावा नाही. पण १९९४ संपता संपता लंडनमध्ये ‘गोवा’ हे संगीताचे नाव म्हणून रुळले होते, एवढे त्यातून निर्विवाद ठरते. पुढच्या वर्षापासून फ्रान्समध्ये ‘डिस्टन्स टू गोवा’, जर्मनीत ‘गोवा-हेड’ अशा मालिकाच निघाल्या. नाव गोव्याचे, निर्मिती युरोपची. या सीडींना गोव्याच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरताना हा फरक डोळ्यांआड करून चालणार नाही. वेष्टनावरचा गोवा हा विक्रीचा गोवा आहे.

मग खऱ्या गोव्याचा ठसा शोधायचा कुठे? माझ्या मते तो वेष्टनात शोधू नये, आवाजाच्या घडणीत शोधावा. तबकड्या जड, उन्हात वाकणाऱ्या, सुईला वाळू लागली की संपले. म्हणून डीजे कॅसेट वापरत आणि त्यांची आवड सोनीच्या प्रोफेशनल वॉकमनवर होती. डब्ल्यूएम-डी६सी या मॉडेलला फितीचा वेग किंचित कमी-जास्त करण्याची सोय आहे. दोन वॉकमन शेजारी ठेवून एका गाण्याचा ताल दुसऱ्याशी जुळवता येई. १९८७ साली डॅट ही अंकीय फीत आली. आवाज स्वच्छ, पण किनाऱ्यावर नेण्याजोग्या छोट्या यंत्रांमध्ये वेग बदलायची सोय नव्हती. ताल जुळवणे बंद झाले. परिणाम असा की गोव्यासाठी संगीत करणाऱ्यांनी गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठोक्याशिवाय लांबलचक सूर ठेवले, म्हणजे एक गाणे विरत असताना दुसरे सावकाश वर येईल आणि ताल भिडणार नाहीत. १९९४-९५च्या गोवा ट्रान्सच्या सीडी लावून पाहा, पहिला मिनिट-दीड मिनिट नुसती आस लागलेली असते. ती एका यंत्राच्या मर्यादेतून आणि किनाऱ्यावरच्या धुळीतून आलेली आहे. हा मी गोव्याचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज मानतो, कारण तो कोणी पुरावा म्हणून घडवलेला नाही.

आतापर्यंत सारी गोष्ट बार्देशात, हणजुणे आणि वागातोरच्या भोवती फिरली. शापोरा नदीपलीकडचा पेडणे महाल त्या दिवसांत शिवोली-चोपडे फेरीबोटीने गाठायचा. हरमल, केरी, मांद्रे इथे जे परदेशी येत ते बरेचदा निवांत, लांब मुक्कामाला. १७८८पर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. इथली भाषा, देवळे आणि दशावतार यांची नाळ आजही तेरेखोलपलीकडच्या सिंधुदुर्गाशी जुळलेली आहे. डिचोली तर समुद्राचा स्पर्श नसलेला खाणींचा मुलूख. नाचाची ही लाट तिथवर किनाऱ्यासारखी पोचण्याचा प्रश्न नव्हता. पण रात्रभर जागून वाद्यांच्या तालावर पहाट पाहणे पेडण्या-डिचोलीच्या माणसाला नवे नव्हते. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, दशावतारी नाटक मध्यरात्री उभे राहते आणि उजाडता उजाडता दहीकाला होतो. परदेशी डीजेंचा हंगामही पाऊस सरल्यावरचाच. एकच महिने, एकच रात्र, मैला-दोन मैलांच्या अंतरावर दोन वेगळे जागर. गोव्याच्या परदेशी बखरींमध्ये या शेजाराला जागा जवळजवळ नाही. ‘सायकेडेलिक व्हाइट’ या २००७च्या पुस्तकात अरुण सालढाना यांनी हणजुण्याच्या नाचात गोरे कोण, स्थानिक कोण, पहाटेला जागा कोणाची होते, हे प्रश्न रोखठोक विचारले. त्यांचे क्षेत्र बार्देश. पेडण्याच्या बाजूने तितकेच बारीक काम व्हायला हवे आहे.

पेडण्याचे स्वतःचे अस्सल कागद मात्र आहेत आणि ते सरकारी आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००२च्या दुरुस्तीने सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५च्या निकालाने या वेळेवर शिक्कामोर्तब केले. नियमाला न्यू वेव्ह, ट्रान्स आणि दशावतार यांत फरक करता येत नाही. त्याला फक्त भोंगा आणि घड्याळ दिसते. त्यामुळे ट्रान्सच्या रात्री वागातोरच्या माळावरून बंद दालनांकडे आणि दिवसाउजेडीच्या वेळेकडे सरकल्या, आणि जत्रेतल्या नाटकालाही त्याच वेळेचा धाक लागला. नदीवर पूल झाल्यावर मोरजी, आश्वे, मांद्रे इथे क्लब वाढत गेले. तिथे आणखी एक कागद आडवा आला. ६ जानेवारी २०११च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत मांद्रे आणि मोरजी हे किनारे गालजीबाग आणि आगोंदबरोबर कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी नोंदले आहेत. ऑलिव्ह रिडले मादी रात्रीच वाळूवर येते, तिला प्रकाश आणि वर्दळ चालत नाही. मोरजीच्या रात्रीवर हक्क कोणाचा, याचे उत्तर देणारा हा माझ्या माहितीतला सर्वांत ठोस दस्तऐवज आहे. मी बिनदिक्कत कासवाच्या बाजूचा आहे.

हे सारे पुढेही लिहिता यावे, तर साधने टिकायला हवीत आणि ती टिकत नाहीत. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३च्या सुमारास दाबलेल्या अनेक सीडी कडेपासून तांबूस पडत जातात. त्यांच्या वरचे लाखेचे आवरण कागदी वेष्टनातल्या गंधकाला तोंड देऊ शकले नाही, आतला चंदेरी थर खराब झाला आणि गाणे वाजेनासे झाले. नेमकी हीच वर्षे आपल्या कामाची, आणि सीडी सिंगल पुष्कळदा कागदी पाकिटातच येत. कॅसेटना कोकणातला पावसाळा पुरतो, बुरशी धरते. डॅटच्या फिती वाजवणारी यंत्रे तयार व्हायची थांबून बराच काळ लोटला, जुनी दुरुस्त करणारे हात कमी झाले. गोवा गिल २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यातच वारला. पहिल्या फळीतली माणसे अशीच एकेक करून जात आहेत.

पणजीच्या पुराभिलेख खात्यात लिस्बनहून दरवर्षी गलबतांनी आलेल्या पत्रांचे ‘मोंसोंइश दु रैनु’ हे खंड ओळीने लावलेले आहेत. सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथेच बसून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. परदेशातून आलेला कागदही गोव्याच्या इतिहासाचे साधन असतो, हे त्या खात्याला वेगळे सांगायला नको. तिथे किंवा कृष्णदास शामा ग्रंथालयात या तबकड्या, सीडी आणि फितींसाठी एक कपाट आणि एक चालू डॅट यंत्र ठेवणे मोठ्या खर्चाचे नाही. क्रमही ठरवता येईल. आधी डॅट, कारण यंत्रच राहणार नाही. मग हणजुणे-हरमलमध्ये तुकडे जोडून केलेल्या कॅसेट, कारण त्यांची दुसरी प्रत कुठे नसते. सीडी सिंगल शेवटी, पण कागदी पाकिटातून काढून आणि वेष्टनाची दोन्ही बाजूंनी प्रतिमा घेऊन. रीमिक्स कोणाचा, साल कोणते, हे त्या वेष्टनावरच लिहिलेले असते.